शेजारच्या गावची बिअर

एप्रिलचे दिवस होते. दुपारचे बारा वाजून गेलेले. बाहेर ऊन नुसतं रणरणत होतं आणि मी डिचोलीच्या पुढच्या एका गावात, नेहमीच्या तावेर्नमध्ये हुर्राकचा गिलास समोर घेऊन बसलो होतो. हुर्राक, लिम्का, उभी चिरलेली हिरवी मिरची, लिंबाची फोड आणि चिमूटभर मीठ. गोंयकाराला याहून जास्त वर्णन करून सांगायची गरज नाही, आणि जो गोंयकार नाही त्याला ते वर्णनानं कळणार नाही.

तेवढ्यात दोन तरुण आत आले. बोलण्यावरून पुण्याचे वाटले. एकाच्या हातात फोन, फोनवर यादी : गोव्यात गेल्यावर प्यायलाच हव्यात अशा दहा बिअर. त्यातल्या एका क्राफ्ट बिअरचं नाव घेऊन त्यानं विचारलं, "आहे का?" तावेर्न चालवणारे आबा पंचाहत्तरीचे. त्यांनी ते नाव दोनदा विचारून घेतलं आणि मान हलवली. "ती ना. साधी बिअर आसा, हुर्राक आसा."

हुर्राक म्हटल्यावर तो मुलगा जरा थांबला. त्यानं विचारलं, "हे क्राफ्ट आहे का?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "कितें म्हणटा तो?"

मी म्हटलं, "हातान केल्ली काय अशें विचारता."

आबा एकदम खूष झाले. म्हणाले, "हातान न्हय रे, पांयांनी!"

खरंच आहे ते. काजूची बोंडं कोळंबीत घालून पायांनीच तुडवतात. पुण्याच्या मुलांना विनोद कळला नाही. मी मात्र पोट धरून हसलो. पण मिनिटभरच. कारण मग आठवलं, की काही वर्षांपूर्वी मी स्वतः असाच, हातात यादी घेऊन, सात हजार किलोमीटर दूरच्या एका खेड्यात जाऊन उभा राहिलो होतो. तिथल्या कुणी आबांनी माझ्याकडे बघून हसून घेतलं असेल तर मला सांगायला कोण येणार?

तीच गोष्ट आज सांगायची आहे.

माझा भाचा तेव्हा बेल्जियममध्ये लूव्हेनला शिकत होता. बहिणीनं दिलेली कुळथाची पिठी, सोलं आणि लोणचं पोचवायचं निमित्त करून मी आठवडाभर त्याच्याकडे गेलो. बेल्जियम म्हणजे बिअरचा देश. २०१६ साली युनेस्कोनं त्यांच्या बिअर संस्कृतीला मानवी वारशाच्या यादीत जागा दिली, एवढा. मला त्यातलं फारसं काही कळत नव्हतं, पण एक नाव माहीत होतं : वेस्टव्लेटरेन १२. जगातली सर्वोत्तम बिअर! असं मी कुठेतरी वाचलं होतं, आणि कुठेतरी वाचलेलं माणूस सहसा विसरत नाही.

या बिअरची कथा तशी ऐकण्यासारखी आहे. बेल्जियमच्या पश्चिम टोकाला, फ्रान्सच्या सरहद्दीजवळ, सेंट सिक्स्टस नावाचा मठ आहे. १८३१ साली स्थापन झालेला. ट्रॅपिस्ट पंथाचे संन्यासी तिथे राहतात. प्रार्थना, काम आणि मौन असा त्यांचा दिनक्रम. मठाच्या खर्चासाठी ते १८३० च्या दशकाच्या अखेरीपासून बिअर गाळत आले आहेत. तीन प्रकार करतात. त्यातली सर्वांत कडक ती १२ नंबरची, दहा टक्क्यांहून थोडी जास्त. वर्षानुवर्षे बाटलीला लेबलच नव्हतं. झाकणाच्या रंगावरून ओळखायची : १२ नंबरचं झाकण पिवळं.

२००५ साली रेटबिअर नावाच्या एका अमेरिकन संकेतस्थळानं, जगभरच्या पिणाऱ्यांनी दिलेल्या गुणांवरून, या १२ नंबरला जगात पहिला क्रमांक दिला. झालं! मठाच्या दारात मोटारींची रांग लागली, माल संपला. संन्याशांनी काय करावं? कुणीही दुसरा धंदेवाला असता तर उत्पादन दुप्पट केलं असतं, किंमत तिप्पट. त्यांनी दोन्ही केलं नाही. टेलिफोनवर नाव नोंदवायचं, मोटारीचा नंबर द्यायचा, सांगितलेल्या वेळी यायचं, ठरलेल्या क्रेट घ्यायच्या आणि जायचं. लगेच पुन्हा यायचं नाही. पावतीवर लिहिलेलं : पुढे विकू नये. २०१९ पासून टेलिफोनऐवजी ऑनलाइन नोंदणी आली. आमचं काम बिअर विकणं नव्हे, संन्यासी राहणं आहे, त्यासाठी लागेल तेवढीच बिअर आम्ही करतो, अशा अर्थाचं तिथले मठाधिपती सांगत आले आहेत.

आता गंमत बघा. जेवढं ते नाही म्हणाले, तेवढी लोकांची तहान वाढली. मठाच्या दारात दोन युरोच्या आत मिळणारी बाटली बाहेर कितीतरी पट भावानं विकली जाऊ लागली. २०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या एका दुकानसाखळीनं ती बाटलीमागे दहा युरोला विकायला ठेवली, तेव्हा मठानं उघड नाराजी कळवली. भाव दाराबाहेर फुगला, आत तो होता तिथेच राहिला.

अशा बिअरसाठी आम्ही मामा-भाचे निघालो. आगगाडीनं पोपेरिंगे या गावी उतरलो, रात्री तिथेच राहायचं ठरवलं होतं. स्टेशनजवळून भाड्यानं सायकली घेतल्या. मी सायकल शेवटची चालवली होती ती शाळेत असताना. पण तिथली जमीन म्हणजे आपल्या खाजन शेतीसारखी सपाट. सहा-सात किलोमीटर आरामात गेलो. दोन्ही बाजूंना उंच खांब आणि त्यांवर तारा ताणलेल्या, हिरवे वेल चढलेले. भाचा म्हणाला, "मामा, हे हॉप्स." बिअरला कडवटपणा आणि वास देणारी ती हॉप्सची फुलं. पोपेरिंगे हे त्याच पिकाचं गाव. तिथे हॉप्सचं म्युझियम आहे आणि दर तीन वर्षांनी हॉप्सचा उत्सव भरतो. मला एकदम आपल्या पानवेलींचे मळे आठवले.

मठासमोर 'इन दे फ्रेडे' नावाचं कॅफे आहे. नावाचा अर्थ 'शांततेत'. शांतता अशी विशेष नव्हती. आत भलं मोठं दालन, सायकलवाले म्हातारे, मोटारींतून आलेले परदेशी. माझ्यासारखे यादीवालेही पुष्कळ. हे मला फोटो काढण्याच्या पद्धतीवरून कळलं : पिण्याआधी फोटो, प्यायल्यावर नाही.

आली एकदाची १२ नंबर. रुंद तोंडाचा प्याला, गडद तपकिरी रंग, वर दाट फेस. पहिला घोट घेतला. खरं सांगतो, उत्तम होती. मनुका, खजूर, आणि मागून माडाच्या काळ्या गुळासारखा वास. नाताळात शेजारून येणारा दोदोल कुणी पातळ करून पेल्यात ओतला असता, तर थोडाफार असाच लागला असता. भाच्यानं सांगितलं की तो रंग आणि ती चव बरीचशी साखरेच्या काळ्या पाकाची आहे. म्हणजे गुळाची आठवण अगदीच चुकीची नव्हती.

पण जगात पहिली? मी दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला, आणि त्या क्रमांकाला शोधू लागलो. तो काही पेल्यात सापडेना.

संध्याकाळी पोपेरिंगेच्या चौकातल्या एका साध्या बारमध्ये बसलो. बाजूच्या टेबलावर चार जण पत्ते खेळत होते. त्यांतले तिघे युपिलर नावाची साधी पिवळी बिअर पीत होते. बेल्जियममध्ये सगळ्यांत जास्त खपणारी. चौथा हॉमेलबिअर पीत होता. तिथल्या बोलीत हॉप्सला हॉमेल म्हणतात. शेजारच्या वाटू गावात १९८१ पासून ही बिअर होते, आणि सकाळी आम्ही पाहिलेल्या वेलींच्याच मुलखाची ती बिअर. आम्हीही तीच मागवली. सोनेरी, जराशी कडवट, तोंड स्वच्छ करणारी. तिसऱ्या घोटाला मला कळलं की मी हिच्याविषयी काहीच विचार करत नाही आहे. नुसती पितो आहे आणि भाच्याशी बोलतो आहे. तो मला सांगत होता की अभ्यास जड जातो आहे आणि हे आईला सांगू नको. दुपारी जगप्रसिद्ध बिअरसमोर आम्ही फक्त बिअरविषयी बोललो होतो.

बारवाल्यानं कुठून आलात वगैरे विचारलं. आम्ही मठात जाऊन आल्याचं अभिमानानं सांगितलं. तो म्हणाला, "चांगली असते. आणि उद्या वाटूला जाणार ना? सिंट बेर्नार्डुस?" मी ते नाव ऐकलेलंच नव्हतं. माझ्या यादीत ते नव्हतं.

इथे गोष्टीला वळण आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर मठाला बिअरचा व्याप कमी करायचा होता. म्हणून १९४६ साली त्यांनी वाटू गावातल्या एका चीज करणाऱ्या गृहस्थाला त्यांच्या नावानं बिअर करून विकायचा परवाना दिला. मठात बिअर करणारा कसबी माणूस कृती घेऊन, यीस्ट घेऊन तिकडे गेला. पुढे १९९२ पर्यंत, म्हणजे ४६ वर्षं, सेंट सिक्स्टसच्या नावाची बिअर लोकांना दुकानात मिळत होती ती या वाटू गावची. मग ट्रॅपिस्ट मठांनी ठरवलं, की ट्रॅपिस्ट म्हणवणारी बिअर मठाच्या भिंतींच्या आतच झाली पाहिजे. परवाना संपला. वाटूवाल्यांनी नाव बदललं, सिंट बेर्नार्डुस केलं, आणि तीच बिअर पुढे चालू ठेवली. त्यांची आब्ट १२ ही दहा टक्क्यांची, रंगानं तशीच काळीभोर. त्यांचं म्हणणं, मठातून आलेलं जुनं यीस्ट आम्ही अजून वापरतो. उलट मठ आज वापरतो ते यीस्ट वेस्टमाले नावाच्या दुसऱ्या ट्रॅपिस्ट मठातून येतं.

म्हणजे मूळ कोणती आणि नक्कल कोणती? संन्याशांच्या हातची ती खरी, की त्यांच्या जुन्या यीस्टची ती खरी? आपल्याकडे देवळं स्थलांतरित झाली, जुन्या जागेवरही लोक दिवा लावत राहिले आणि नव्या जागी देव जागृत राहिला. त्यातली खरी जागा कोणती, असं आपण विचारत नाही. दोन्हीकडे नारळ ठेवतो.

पण बिअरच्या यादीला हा समजूतदारपणा नसतो. एक झाली दंतकथा आणि दुसरी झाली 'त्याच्यासारखी, पण सहज मिळणारी'. सहज मिळणं हा जणू दोषच!

आम्ही वाटूला गेलो, चार बाटल्या घेतल्या. मठाच्या कॅफेला लागून असलेल्या दुकानात आदल्या दिवशी १२ नंबरच्या थोड्या बाटल्या मिळाल्या होत्या, त्या होत्याच. लूव्हेनला परत आल्यावर भाच्यानं एक खेळ केला. त्याच्या सोबत राहणारा एक बंगाली मुलगा होता, त्याला स्वयंपाकघरात पाठवलं. त्यानं दोन्ही बिअर एकसारख्या स्टीलच्या पेल्यांत ओतल्या, पेल्यांखाली चिठ्ठ्या चिकटवल्या आणि बाहेर आणून ठेवल्या. फेस सारखा, वास जवळपास सारखा. एक किंचित गोड आणि जड, दुसरी शेवटाला जराशी कोरडी. मी दोनदा चाखली. गोंयकार मनुष्य, पिण्याच्या बाबतीत आपल्याला कळतं असा जन्मजात समज. छातीठोकपणे डावीकडचा पेला उचलला आणि म्हटलं, "ही मठाची."

चिठ्ठी काढली. सिंट बेर्नार्डुस. शेजारच्या गावची.

भाचा हसून हसून लोळला. "मामा, तू दोन दिवस सायकल मारलीस त्याचं काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. (त्या बंगाली मुलाला दोन्हींपेक्षा मी नेलेलं कैरीचं लोणचं जास्त आवडलं. असो.)

त्या रात्री मी यावर पुष्कळ विचार केला. माझी जीभ खोटी होती असं मला वाटत नाही. एका माणसाचा एकदाच घेतलेला घोट म्हणजे काही निकाल नव्हे, हेही कबूल. पण एक गोष्ट स्पष्ट झाली. मी ज्याच्यासाठी तिथवर गेलो होतो ते पेल्यात नव्हतंच. ते त्या टेलिफोनच्या नोंदणीत होतं, बिनलेबलाच्या बाटलीत होतं, रांगेत होतं, आणि सर्वांत जास्त, परत येऊन 'मी ती प्यायलोय' असं सांगण्यात होतं. दुर्मीळपणा ही चव नाही. पण जिभेला ती चव वाटते खरी.

गावच्या माणसाची आवड वेगळ्या प्रकारे तयार होते. तो एका बिअरला वर्षातून दोनशे वेळा भेटतो. पगाराच्या दिवशी, आणि पगार संपल्यावरही. भाव परवडला पाहिजे, दुसऱ्या दिवशी डोकं दुखता कामा नये, आणि तिसऱ्या पेल्यालाही कंटाळा येता कामा नये. पाहुणा एकदा पितो आणि गुण देऊन निघून जातो. गावकरी गुण देत नाही, परत येतो. मला वाटतं, परत येणं हाच खरा निकाल. रेटबिअर हे संकेतस्थळ २०२५ मध्ये बंद पडलं. पहिला क्रमांक देणारे गेले. मठात बिअर होतेच आहे, आणि वाटूतही.

तरीही मी प्रसिद्धीला सरसकट नावं ठेवणार नाही. वेस्टव्लेटरेनचं नाव झालं नसतं तर मी त्या मुलखात कधी पाऊल ठेवलं नसतं, हॉप्सचे मळे पाहिले नसते, वाटू हे नावही ऐकलं नसतं. २०१२ साली मठाच्या बांधकामाला पैसे हवे होते तेव्हा संन्याशांनी एकदाच आपली बिअर खोक्यांत घालून अमेरिकेसारख्या देशांत पाठवली. पैसे उभे राहिले, आणि त्यांनी तो मार्ग पुन्हा बंद केला. म्हणजे नाव होणं वाईट नाही. नाव झाल्यावर करणारा कुणासाठी करत राहतो, हा प्रश्न आहे.

आणि हाच प्रश्न घेऊन मी परत डिचोलीच्या त्या तावेर्नमध्ये येतो.

आपल्या गोव्यात गेल्या दहा वर्षांत क्राफ्ट बिअर आली. त्याआधी २००९ मध्ये पुण्याला देशातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रुअऱ्यांपैकी एक निघाली, मग बंगळूरुला त्यांची रीघ लागली, आणि मग इथे कॅन दिसू लागले. एका बिअरला तर हणजूणच्या हिप्पी काळातल्या 'एट फिंगर एडी'चं नाव दिलं आहे. मी त्यातल्या काही प्यायलो आहे. चांगल्या आहेत. आमच्या तरुणपणी किंग्जची लहानशी बाटली म्हणजे सगळी बिअर, त्या मानानं मुलांना निवड मिळाली याचा आनंदच आहे. माझी एकच अडचण आहे. त्यातलं सातू गोव्यात पिकत नाही, हॉप्स गोव्यात पिकत नाहीत. गोव्याचं असं काय आहे तर पाणी, कॅनवरचं चित्र आणि विकण्याची जागा. पोपेरिंगेचा माणूस खिडकीतून दिसणारा वेल पितो. आपण कॅनवर छापलेला माड पितो.

लगेच कुणी म्हणेल, मग काजू तरी कुठे गोव्याचा? बरोबर. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो ब्राझीलहून आणला. पण गेली काही शतकं तो आपल्या डोंगरांवर राहिला, आपल्या बायकांनी त्याची बोंडं वेचली, आपल्या माणसांनी ती तुडवली, भाणात उकळली, आणि कुठेही न लिहिलेली एक विद्या तयार झाली. रस मातीच्या मडक्यात तीन दिवस आपोआप आंबतो, बाहेरचं यीस्ट लागत नाही. पहिल्या धारेचा तो हुर्राक, पंधरा टक्क्यांच्या आसपास. पुन्हा गाळली की फेणी, चाळिशीच्या पलीकडे. हुर्राक मार्च ते मे, फार तर जूनचा पहिला पाऊस. तो टिकत नाही, म्हणून प्रवास करत नाही. वेस्टव्लेटरेनच्या संन्याशांना नियम करून जे साधावं लागलं ते हुर्राकला निसर्गानंच दिलं आहे. प्यायचा तर इथे या, आणि हंगामात या.

एवढं असून आपण, म्हणजे मराठी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या सुशिक्षित घरांनी, त्याच्याशी कसे वागलो? आमच्या घरात फेणी होती, पण ती औषधांच्या कपाटात. सर्दी झाली की छातीला चोळायला, पोट दुखलं की चमचाभर. पाहुण्यांसमोर बाटली यायची ती विलायतीची. सरकारदरबारीही फेणी बरीच वर्षं 'देशी दारू'. २००९ मध्ये तिला भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि २०१६ मध्ये गोवा सरकारनं तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. बेल्जियमची बिअर संस्कृती युनेस्कोच्या यादीत आली त्याच वर्षी! पण आपल्या मनातला दर्जा त्याबरोबर बदलला का? मला शंका आहे. मी स्वतः सात हजार किलोमीटरवर जाऊन एका मठाची बिअर शोधली. घरापासून वीस किलोमीटरवरची भट्टी पहिल्यांदा नीट पाहिली ती तिथून परत आल्यावर. हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो.

आता वारं उलटं फिरलं आहे. पणजीतल्या बारमध्ये हुर्राक उंच पेल्यांत, झाडपाल्यानं सजवून मिळतो. चांगलं आहे. पण मला दोन भीती वाटतात. एक, मागणी बारमाही झाली की कुणीतरी बारमाही 'हुर्राक' पुरवणारच, आणि ऑगस्टमध्ये मिळणाऱ्या हुर्राकमध्ये काय असेल ते देव जाणे. दुसरी, पेल्याचा भाव वाढेल, पण तो वाढीव पैसा भट्टीपर्यंत पोचणार नाही. आबांच्या ओळखीच्या दोन भट्ट्या गेल्या काही वर्षांत बंद झाल्या. मुलं नोकरीला गेली. पहाटे उठून डोंगरात बोंडं वेचायची, उन्हाळ्यात भट्टीच्या धगीला बसायचं, हे कुणी का करावं? नुसतं 'वारसा' म्हटल्यानं चूल पेटत नाही.

संन्याशांना नाही म्हणणं परवडलं. त्यांना बायका-पोरं नाहीत, हप्ते नाहीत. सत्तरीतल्या भट्टीवाल्याला तुम्ही संन्यासी हो असं सांगू शकत नाही. त्याला दोन पैसे जास्त मिळत असतील तर त्यानं ते का सोडावे? म्हणून संयम पाळायचा असेल तर तो आपण पिणाऱ्यांनी पाळायला हवा. हुर्राक हंगामातच प्यावा आणि हंगामाबाहेर मागू नये. वर्षाची फेणी शक्य तर ओळखीच्या भट्टीवरून घ्यावी, आणि तिथे घासाघीस करू नये. क्राफ्टच्या कॅनला जो भाव आपण न बोलता देतो, तो भाव सहा माणसांच्या मेहनतीला देताना आपली जीभ का वळवळते? आणि घरी पाहुणा आला तर बाटली कपाटातून काढून समोर ठेवावी. अभिमानाचं भाषण नको. नुसती ठेवावी.

क्राफ्ट बिअरवाल्यांशी माझं भांडण नाही. एखाद्या दिवशी आबांच्या तावेर्नमध्ये कुणी गावकरी, यादी न बघता, सवयीनं त्यातली एखादी मागेल. त्या दिवशी ती बिअर गोव्याची झाली असं मी मानीन. काजूला वेळ लागला, तिलाही लागेल.

राहता राहिली पुण्याची ती दोन मुलं. एक जण म्हणाला, मी गाडी चालवतोय, मला लिंबू सोडा द्या. दुसऱ्यानं, आता आलोच आहोत म्हणून, हुर्राक घेतला. पहिल्या घोटाला तोंड वाकडं केलं. दुसऱ्याला मिरचीकडे बघितलं. मग बराच वेळ तो फोनकडे न बघता बसला होता. आबा त्याला भट्टीविषयी सांगत होते, अर्धं कोंकणीत, अर्धं मराठीत, आणि तो अर्धं समजून मान हलवत होता. उठताना त्यानं विचारलं, "आजोबा, हे पुण्यात कुठे मिळेल?"

आबा म्हणाले, "मेळचें ना. हांगाच येवंक जाय."